समुद्रावर काही काम नसताना

माझं नाव अल्फान्सो. ठाण्यात टेंभी नाक्याच्या अलीकडे माझं शिंप्याचं दुकान आहे, आणि त्या भागात पाद्रीबाबा सोडले तर मला कुणीही अल्फान्सो म्हणत नाही. घरचे फान्सू म्हणतात, बाकीचे हापूस. आंब्याचं आणि माझं नाव एकाच मुळावरचं, एवढंच आमचं नातं. रंग थोडा जुळतो, पोटाचा आकारही जुळत चाललाय. गोडीचं काय ते माझ्या बायकोला, विनिफ्रेडला ठाऊक. ती खोटं बोलत नाही, म्हणून मी तिला अजून विचारलेलं नाही.

अठराशे त्र्याऐंशी सालच्या थंडीची ही गोष्ट. आमची पहिली मुलगी बिट्रिस पावणेदोन वर्षांची होत आली होती आणि अजून पाऊल टाकत नव्हती. बसायची मात्र फार सुरेख. सकाळी जिथं ठेवावी तिथंच संध्याकाळी सापडायची. शेजारणी हळहळायच्या, पण माझ्या आईला, एमिलियाला, त्यात नवल वाटत नव्हतं.

"बापावर गेलीय," ती म्हणायची. "ह्यो पन असाच जमिनीला चिकटलेला. आता बघा की, दुकानात एकदा बसला का उठतो काय?"

मी मनाला लावून घ्यायचो नाही, पण पोरीच्या पायांची काळजी मला होतीच. ती काळजी मनात घेऊन मी एके दिवशी तलावापलीकडच्या एका बंगल्यावर गेलो. तिथं एक मडम राहायची. तिच्या लेकीच्या झग्याचं माप घ्यायचं होतं. लेक बिट्रिसच्याच वयाची, पण माप घेऊ देईल तर शपथ. ती व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होती आणि मी फीत घेऊन गुडघ्यांवर तिच्यामागे रांगत होतो. माप घ्यायचं तर गिऱ्हाइकानं क्षणभर उभं राहावं, एवढीच माझी विनंती. आमच्या घरी नेमकी उलटी पंचाईत. तिथं गिऱ्हाईक उभंच राहत नव्हतं.

मी घाम पुसत मडमला म्हटलं, "व्हेरी गुड लेग्ज."

त्यावर ती बरंच काही बोलली. चर्चच्या शाळेत मी थोडं इंग्रजी शिकलोय, आणि कपड्यांसंबंधी तर मला सगळंच कळतं. पण ती कपड्यांविषयी बोलत नव्हती. मला चार शब्द पकडता आले: समुद्र, वाळू, पाय आणि मजबूत. मधली जागा मी पदरचं कापड लावून शिवली आणि अर्थ पुरा केला. साहेबलोक दरवर्षी मुलांना घेऊन समुद्रावर जाऊन राहतात, वाळूत खेळवतात, आणि मुलांचे पाय मजबूत होतात! तिला खरंच काय म्हणायचं होतं ते देव जाणे. कदाचित वाळूनं पाय भाजतात असं म्हणाली असेल.

घरी आलो. आई सुपात तांदूळ निवडत होती, विनिफ्रेड चुलीपाशी होती. मी उंबऱ्यातूनच जाहीर केलं, "आपण समुद्रावर जायचं."

"कुनाचा लगीन हाय?" आईनं विचारलं.

"लग्न नाही, आई."

"मंग कोन गेला?"

"कुणी गेलं नाही. हवापालटाला जायचं. आठ-दहा दिवस तिथं राहायचं आणि परत यायचं."

"तिथं काम काय?"

"काहीच काम नाही. काम नसताना जायचं, हेच तर त्यात आहे."

आईनं सूप खाली ठेवलं आणि सुनेकडे बघितलं. दूध नासल्यावर बायका एकमेकींकडे बघतात, तसं बघितलं. विनिफ्रेड उठून आली आणि माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "अंग तर गरम नाही."

त्यांचंही चुकलं नव्हतं. आमच्या लोकांना समुद्र का नवा आहे? आमचे निम्मे नातेवाईक समुद्रात जाळी टाकतात, उरलेले किनाऱ्याला भात नाहीतर केळी लावतात. समुद्रावर जायचं ते मासळी आणायला, मीठ आणायला. नुसतं समुद्र बघायला जायचं म्हणजे शेजाऱ्याची विहीर बघायला जाऊन तिथं आठ दिवस मुक्काम करण्यासारखं होतं.

रविवारपर्यंत बातमी अख्ख्या वस्तीत पसरली, आणि पसरता पसरता तिला पाय फुटले. (घरात पाय फक्त बातमीलाच फुटत होते.) काम नसताना माणूस समुद्रावर जातो म्हणजे त्याला क्षय झालेला असणार. चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर एका म्हाताऱ्या बाईनं पाठीवरून हात फिरवत विचारलं, "बाला, खोकला कवापासून?" दुसरीनं दुपारी कोंबडीचा रस्सा आणून दिला. तो मी नाकारला नाही, तिला वाईट वाटलं असतं. एक गिऱ्हाईक आलं आणि अर्धवट शिवलेला कोट परत घेऊन गेलं, तेही कोट चिमटीत धरून. पाद्रीबाबांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "अल्फान्सो, घरात भांडण आहे का?"

"नाही, फादर," मी म्हटलं.

ते तेव्हा खरं होतं. जायचं कुठं हे अजून ठरायला लागलं नव्हतं.

जागा तीन होत्या. वसई हे माझ्या आईचं माहेर. तिथं मामाची केळीची वाडी. उत्तन हे विनिफ्रेडचं आजोळ. तिथं तिचे ह्युबर्टमामा, त्यांची होडी आणि त्यांची मासळी. वांद्र्याला माझा शाळेतला दोस्त वॉल्टर राहायचा. मी म्हटलं, घाई नको, सगळा विचार करून ठरवू. दुकानात टाके घालता घालता मी अटी ठरवल्या. वाळू मऊ हवी, पण पाय रुतता कामा नये. लाट लहान हवी. सावली हवी. दुधासाठी गाय जवळ हवी. आणि शेवटची अट, वास नको.

ही शेवटची अट मी विनिफ्रेडच्या देखत बोललो. "उत्तनला फार बोंबलांचा वास येतो," असं म्हणालो.

"मी लहानपणी निम्मं वर्ष उत्तनला असायची," ती म्हणाली. "मला येतो का वास?"

शहाणा माणूस इथं नुसतं 'नाही' म्हणाला असता. मी म्हटलं, "आता येत नाही."

त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरी मासळी शिजली नाही. रोज पेज आणि मीठ. विचारलं तर विनिफ्रेड म्हणायची, "वास येईल."

मग मी वसईचं नाव काढलं. आई खूश झाली. पण विनिफ्रेडला वसईची खडानखडा माहिती निघाली. "मामांच्या वाडीपासून समुद्र केवढा लांब! तिथवर जायचं तर पोरीला आधी चालता यायला हवं."

वांद्र्याला मी स्वतः बघून आलो. वॉल्टरनं मला मोठ्या थाटात खडकांवर उभं केलं. समोर समुद्र फुटत होता, तोंडावर पाणी उडत होतं. मी विचारलं, "वाळू कुठाय?"

"वाळू कशाला हवी?" तो म्हणाला. "हवा बघ की!"

हवा उत्तमच होती. तिनं माझी टोपी नेली.

इतकं झाल्यावर तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण मी शिंपी माणूस, कापड बोटांत धरून बघितल्याशिवाय मी घेत नाही. मग समुद्र तरी का घ्यावा? मी वसईला आणि उत्तनला निरोप धाडले, तुमच्याकडची पोटलीभर वाळू पाठवा. वांद्र्याच्या खडकांच्या फटींतून मी स्वतःच मूठभर खरवडून आणली होती. कल्याणला माझी थोरली बहीण दिली आहे. तिच्या कानावर हे गेलं आणि तिनं न मागता रेतीबंदरावरची टोपलीभर वाळू पाठवून दिली. निरोप होता, "आमच्याकडे समुद्र नसला म्हणून काय झाला, खाडी काय कमी हाय? या इथंच."

रविवारी मिस्सा झाल्यावर अंगणात चार वाळू मांडल्या. बघायला गल्ली जमली. मला वाटलं, लोकांना माझी पद्धत पटलीय. आधी बिट्रिसला वांद्र्यावर बसवली. ती बसली. मग कल्याणवर बसवली. तिथंही ती बसली, आणि शिंकली. उत्तनवर तर ती इतकी निवांत बसली की तिला उठवायला जिवावर आलं. शेवटी वसईवर ठेवली. तिनं मूठ भरली आणि तोंडात घातली.

"बघ!" आई ओरडली. "पोरीनं वसई निवडली!"

"खाल्ली ती वसई," विनिफ्रेड म्हणाली. "बसली ती उत्तनवर."

गल्लीत दोन तट पडले. कुणी म्हणे खाणं महत्त्वाचं, कुणी म्हणे बसणं. मी म्हटलं, उद्या पुन्हा बघू, आज पोरगी दमलीय. दुसऱ्या दिवशी दुकानातून आलो तर घरभर खमंग वास सुटलेला. आईनं चारही वाळू एका लोखंडी कढईत ओतल्या होत्या आणि ती त्यात चणे भाजत होती.

"वालू बरी हाय," ती म्हणाली. "चने कसे टचाटच फुटले बघ."

मी ताडताड बोललो आणि बोलता बोलता चणे खाल्ले. खारट आणि छान झाले होते. परीक्षा तिथंच आटोपली.

शेवटी मी वसई ठरवली. त्यामागं काही विचार होता असं मी आजही सांगतो, पण खरं म्हणजे माझ्या आईचा आवाज माझ्या बायकोपेक्षा मोठा आहे. विनिफ्रेडनं वाद घातला नाही. उलट म्हणाली, "होडीचं तेवढं तुम्ही ठरवा. कळव्याचा भिवा जातो म्हणे त्या बाजूला." मला बरं वाटलं. बाईमाणसानं समजूतदारपणा दाखवला की मला नेहमी बरं वाटतं. त्यात काहीतरी असतं हे मागून कळतं.

भिवा तांडेल कळव्याचा. त्याचा मचवा होता. खाडीतून घोडबंदरावरून तो कौलं, लाकूड, भात, जे मिळेल ते नेऊन टाकायचा. आम्ही बंदरावर पोचलो तेव्हा मचव्यात कौलं रचलेली होती. आमचं सामानही काही कमी नव्हतं. पाळणा, बिछाने, लोणच्याची बरणी, दोन कोंबड्या (अंडी ताजी हवीत म्हणून), आणि माझी शिलाईची पेटी. पेटी कशाला म्हणून विनिफ्रेडनं विचारलं. मी म्हटलं, सवय. काम नसताना जायचं म्हणणारा मीच, आणि सुई-दोऱ्याशिवाय उंबरा ओलांडायचा धीर झाला नाही.

घोडबंदर मागं पडलं, खाडी रुंद झाली, पलीकडे वसईचा किल्ला दिसायला लागला. मी आईला बोट करून दाखवला. तेवढ्यात भिवानं सुकाणू फिरवलं आणि किल्ला मागं सरकायला लागला.

"भिवा, वसई तिकडं राहिली," मी म्हटलं.

"व्हय. कौलं उत्तनला उतरायची हायत."

"पण आपलं वसईचं ठरलं होतं!"

"तुमचा ठरला होता," भिवा शांतपणे म्हणाला. "कौलांचा पन ठरला होता. कौलं जास्त हायत."

मी विनिफ्रेडकडे बघितलं. ती पाण्याकडे बघत होती. हसत नव्हती. न हसायला तिला कष्ट पडत होते, एवढं मात्र दिसत होतं.

उत्तनच्या किनाऱ्यावर ह्युबर्टमामा गुडघाभर पाण्यात उभे होते. नवीन घरासाठी त्यांनीच ती कौलं मागवली होती. माणूस दांडगा, आवाज त्याहून दांडगा. भाचीला बघून ते ओरडले, "अगो विनी! कौलं आली नि तू पन आली! कोन मेला?"

"कुनी नाय, मामा," विनिफ्रेड म्हणाली. "हवापालट."

"त्यो कोन?" मामांनी मला विचारलं.

आई सामानावर तशीच बसून होती. "हिला ठावका होता," ती मला म्हणाली. "मला कौलांचं ठाऊक होतं," विनिफ्रेड म्हणाली. "होडी ह्यांनी ठरवली." यावर आई उतरायलाच तयार होईना. मग मामींनी ताज्या पापलेटचं कालवण आहे असं किनाऱ्यावरून सांगितलं, आणि आईनं विचार केला की वसई काही पळून जात नाही.

मी फुशारकीनं सांगायचो की वास नको, आणि उत्तनला तो हंगाम बोंबलांचा होता! किनारभर बांबू रोवलेले, बांबूंना दोऱ्या ताणलेल्या आणि दोऱ्यांवर बोंबील, जबड्यात जबडा अडकवून, हजारोंनी. वाऱ्याला दुसरा रस्ताच नव्हता. पहिली रात्र मी नाकाला रुमाल बांधून झोपलो. सकाळी मामींनी विचारलं, "जावयाला सर्दी झाली काय?"

सकाळी मी समुद्रावरचा खास पोशाख चढवला. मडमच्या घरी साहेबाचं एक चित्र होतं, त्यावरून मी स्वतःसाठी पांढरी पाटलोण आणि पट्ट्यापट्ट्यांचा डगला शिवला होता. बिट्रिसला झालरीची टोपी. किनाऱ्यावर बायका बोंबील उलटेपालटे करत होत्या, पुरुष होडी वर ओढत होते. मी त्यांच्या मधोमध चटई पसरली आणि पोरीला घेऊन बसलो. समुद्राकडे तोंड करून. हळूहळू कामं थांबली. लोक जमले. काहीही न करणारा धडधाकट माणूस त्या गावानं पूर्वी पाहिला नसावा.

"जावय," मामी वाकून म्हणाल्या, "चक्कर आली का?"

"नाही, मामी. बसलोय."

"कशाला?"

"हवेसाठी."

मामींनी वर बघितलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "हवा तर घरात पन हाय," म्हणाल्या, आणि माझ्या शेजारी एक तांब्या पाणी ठेवून गेल्या.

मग मी बिट्रिसला पाण्यापाशी नेली. वाटलं, लाट पायाला लागली की पोरीच्या पायात जीव येईल. लाट आली. पोरीनं असा हंबरडा फोडला की दूरच्या होडीतली माणसं उभी राहून बघायला लागली. दुसरी लाट तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून मी तिला डोक्यावर धरली, तेव्हा ती लाट मांडीपर्यंत मलाच लागली. त्या दिवसापासून बिट्रिस समुद्राकडे पाठ करून बसायला लागली. मान जरासुद्धा वळवायची नाही. ज्याच्यासाठी मी चार वाळूंची परीक्षा घेतली, त्या समुद्राशी तिनं पहिल्याच दिवशी अबोला धरला.

आणि माझी पाटलोण! मी दुकानातल्या पोरांना शंभरदा बजावतो, कोरं कापड आधी भिजवून घ्यायचं, मग बेतायचं, नाहीतर आटतं. जाण्याच्या घाईत स्वतःचं कापड मी भिजवलं नव्हतं. दुपारपर्यंत ऊन लागून पाटलोण पोटऱ्यांपर्यंत वर चढली. मी वाकलो तर आणखी चढली. लहान पोरं मागं मागं यायला लागली. कुणीतरी विचारलं, हा माणूस करतो काय? विनिफ्रेडनं सांगून टाकलं, "शिंपी आहेत."

इतकं हसू मी कधी ऐकलेलं नाही. माझ्यावरच होतं म्हणून, नाहीतर मीही मनापासून हसलो असतो.

पण लग्नसराई तोंडावर आली होती, लेंटच्या उपवासांआधी सगळी लग्नं उरकायची होती, आणि गावात दुसरा शिंपी नव्हता. दुसऱ्या दिवशी मी चटईवर बसलो तर एक म्हातारी चोळीचं कापड घेऊन आली. मग एकजण उसवलेला सदरा. मग मामा स्वतः, त्यांच्या लग्नातला काळा कोट घेऊन. तो आता त्यांच्या एका बाजूलाच पुरत होता. मी पेटी उघडली. त्यानंतर माझ्या तब्येतीची चौकशी बंद झाली. माणूस काम करतोय म्हटल्यावर तो तिथं का बसलाय असा प्रश्न कुणालाच पडला नाही. मी मात्र ठाण्यात दुकानात करायचो तेच उत्तनला उन्हात करत होतो, आणि रोज संध्याकाळी बायकोला म्हणायचो, "हवापालट कशी मानवतेय बघ!"

"मानवतेय," ती म्हणायची. "सुईला."

बिट्रिस मामींबरोबर बोंबलांच्या दोऱ्यांखाली असायची. तिथून समुद्र दिसत नव्हता, म्हणून तिला ती जागा आवडली. दोऱ्यांच्या सावलीत बसायची आणि डोक्यावरच्या बोंबलांकडे बघत राहायची.

एका दुपारी मी मामांच्या कोटाचं बघत होतो. मामा हात पसरून उभे, कोटाच्या शिवणी उसवून मध्ये नवीन कापड घातलेलं, आणि माझ्या तोंडात टाचण्या. सहज पलीकडे बघितलं तर बिट्रिस बांबूला धरून उभी! एक हात बांबूला, एक हात वर. सगळ्यात खालचा बोंबील तिच्या बोटांपासून इतकासा लांब. तिनं टाचा उचलल्या, शेपटी पकडली, ओढली. बोंबील खाली पडला. तो तिनं उचलायच्या आत एक मांजर आलं आणि तोंडात धरून चालायला लागलं.

बिट्रिस त्या मांजराकडे बघत राहिली. असा अन्याय तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. तिनं बांबू सोडला आणि मांजरामागे निघाली.

मला ओरडायचं होतं, पण तोंडात टाचण्या. मी जिवाच्या आकांतानं म्हटलं, "म्म्म!"

मामांना वाटलं, हात वर करायला सांगतोय. त्यांनी हात वर केला. खांद्याची शिवण टरकली.

"म्म्म!"

त्यांनी दुसराही केला.

पलीकडे माझी मुलगी पाऊल टाकत होती. डुलत, हात हवेत धरून, तोंडानं मांजराला काहीतरी सुनावत. पडली. उठली. पुन्हा चालायला लागली. मांजर होडीखाली शिरलं आणि ती होडीला धरून थांबली, तेव्हा कुठं मी टाचण्या थुंकल्या आणि धावलो. माझ्याआधी विनिफ्रेड पोचली होती. तिनं सगळं पहिल्यापासून पाहिलं होतं. ती पोरीला उराशी धरून वाळूतच बसली होती आणि रडत होती. मी कधी तिला तशी पाहिली नव्हती. मी तिच्याशेजारी वाळूतच बसलो. वास येत होता. येऊ दे म्हटलं.

बाकीची दुपार मी वाळूत टाचण्या वेचल्या. त्या गावात सगळे अनवाणी चालतात.

संध्याकाळी श्रेयाची वाटणी सुरू झाली. आई म्हणाली, पोरीनं वसईची वाळू खाल्ली होती, तिचा गुण आता आला. मामा म्हणाले, बोंबील. मामींनी मारियेला मेणबत्ती लावली. मी म्हटलं, हवापालट, आणि तीही व्यवस्थित विचार करून निवडलेल्या जागी. विनिफ्रेड म्हणाली, "तिची वेळ झाली, ती चालली. ठाण्यातही चालली असती." मग थोडं थांबून म्हणाली, "पण इथं माझ्या आजोळी चालली, हे बरं झालं." मामींनी तिच्या पानात आणखी एक तुकडा वाढला.

परत येताना मचव्यात बिट्रिस एका जागी बसेना. कौलं उतरली होती, तिला चालायला मोकळी जागा. आम्ही तिघं आणि भिवा आळीपाळीनं तिला धरत घोडबंदरापर्यंत आलो. आई म्हणाली, बसत होती तेच बरं होतं. माझ्या मनातही तेच आलं होतं.

ठाण्याला पोचल्यावर मी गल्लीत निरोप फिरवला. पोर चालायला लागली, या बघायला. अंगण भरलं. ज्या गिऱ्हाइकानं कोट परत नेला होता तेसुद्धा आलं. पाद्रीबाबा आले. मी बिट्रिसला अंगणाच्या मध्यावर उभी केली आणि मागं सरकलो.

ती बसली.

मी तिला उठवलं. ती पुन्हा बसली. मी टाळ्या वाजवल्या, मांजराचा आवाज काढला, एका हातात सुका बोंबील धरून अंगणभर उड्या मारल्या. ती माझ्याकडे बघत होती आणि गल्लीही माझ्याकडे बघत होती. कुणीतरी हळूच म्हणालं, "बिचारा." पाद्रीबाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "येईल, अल्फान्सो. धीर धर." विनिफ्रेड सांगायला लागली की खरंच चालते, मी पाहिलंय. त्यावर लोकांनी तिच्याकडेही तसंच कनवाळूपणे बघितलं. एकेक करून सगळे गेले. आई आत गेली. विनिफ्रेड दिवा लावायला गेली.

मी पायरीवर टेकलो. बोंबील अजून हातातच होता.

बिट्रिसनं रिकाम्या अंगणाकडे एकदा नजर टाकली. हात जमिनीला टेकून उठली आणि शांतपणे, कुठंही न पडता, कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत चालत गेली. तिथं उभी राहून कोंबड्यांशी बोलली. मग वळली आणि सबंध अंगण ओलांडून माझ्याकडे यायला लागली. गल्लीच्या टोकाला लोकांचे आवाज अजून ऐकू येत होते. एक हाक मारली असती तर सगळे परत आले असते.

मी हाक मारली नाही. नुसते हात पुढे केले.